पाडव्याची पेटी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात देवगडहून दादाचा फोन आला. "पाडव्याक पेटी वाशीक पोचूक व्हयी. मागसून गेली तर भाव कोण देतलो?" मी विचारलं, आंबा तयार झालाय का? तो म्हणाला, "थोडो कोवळो आसा, पण चलात."

हे "चलात" मी लहानपणापासून ऐकत आलोय. गेली अकरा वर्षं मी न्यूझीलंडमध्ये टे पुकेजवळच्या एका पॅकहाउसमध्ये किवी फळाचं काम करतो, आणि इथे बसून गावाकडची चर्चा वाचताना तोच शब्द पुन्हापुन्हा कानात येतो.

चर्चा आहे ती सीलची. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतच राहिला. म्हणून २०२५च्या हंगामापासून देवगडच्या उत्पादक संस्थेने प्रत्येक आंब्यावर स्वतंत्र क्रमांकाचं सील आणलं. आमच्या गावच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, आता आपला ब्रँड झाला. दुसरा म्हणतो, खर्च वाढला, दलाल काही भाव वाढवून देत नाही.

मी सीलच्या बाजूचा आहे. पण सील सांगतं ते आंबा कुठला ते. तो झाडावरून कधी उतरवला, तयार होता की पाडव्याचा भाव गाठायला ओरबाडला, हे ते सांगत नाही. ते ठरतं बागेत कुणाचा शब्द चालतो त्यावर, आणि मला वाटतं आपली जाहिरात, आपला भाव, आपलं नाव हे सगळं तिथूनच सुरू होतं.

इथे तोडणीआधी बागेतून फळांचा नमुना प्रयोगशाळेत जातो. फळाची पातळ चकती सुकवतात आणि पाणी उडून गेल्यावर किती वजन उरलं ते बघतात. त्याला ड्राय मॅटर म्हणतात. त्यावरून पिकल्यावर फळ किती गोड लागेल याचा अंदाज येतो, कारण त्यातल्या पिष्टाची पुढे साखर होते. आकडा कमी आला तर तोडणी नाही. आणि चव चांगली तर बागायतदाराला पैसे जास्त, म्हणजे गिऱ्हाइकाची जीभ थेट त्याच्या खात्याशी जोडलेली.

मागच्या एप्रिलमध्ये एका बागेत मी स्वतः उभा होतो. मजूर आले होते, ट्रॅक्टर लागला होता, दोन दिवसांनी पावसाचा अंदाज होता. नमुना नापास झाल्याचा निरोप आला. मालकीणबाई साठीच्या पुढच्या. त्या गाडीतून उतरल्या, तोडणाऱ्यांपाशी गेल्या आणि आकडा जसाच्या तसा सांगितला. मग विचारलं, कुठल्या ओळी मागे पडल्यात असं तुम्हाला वाटतं? एका पोराने खालच्या, सावलीतल्या ओळी दाखवल्या. पुढच्या वेळी त्या ओळींचा नमुना वेगळा घ्यायचं ठरलं. आवाज चढला नाही, कुणावर खापर फुटलं नाही. सगळे घरी गेले.

१९३९ साली मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या गटाचा म्होरक्या हुकूम सोडायचा, तिथे तो खोलीत असेपर्यंत काम जोरात चालायचं आणि तो बाहेर गेला की थंडावायचं. जिथे मुलांना विचारून ठरायचं, तिथे तो नसतानाही चालू राहायचं. हे वाचलं आणि मला आमच्या भागातल्या कलमांच्या बागा आठवल्या. मालक मुंबईत, हंगामाचा पैसा दलालाच्या उचलीतून आधीच घेतलेला, राखण्याला सांगितलेलं एवढंच की अमुक तारखेला अमुक पेट्या भर. झेला, म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी, हातात असलेल्या माणसाला आंबा कोवळा आहे हे देठावरून, खांद्यावरून कळतं. त्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो बोलत नाही. (उशीर झाला तरी गोत्यात येतो, झाडावर जास्त राहिलेल्या आंब्यात साका होतो, म्हणजे आतला गर खराब होतो. म्हणून तर त्या माणसाची नजर सोन्यासारखी.)

इकडे येण्याआधी तीन वर्षं मी मुंबईत फळं विकणाऱ्या एका कंपनीत होतो. गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे यायचे. आंबा पिकत नाही, सुरकुततो, आंबट लागतो. मी एका वहीत सगळं उतरवून मालकांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "तक्रारी वाचून दाखवायला तुला पगार देत नाही." पुढच्या वर्षी आम्ही कुणीच वही उघडली नाही. जाहिरातीचा खर्च मात्र दुप्पट झाला, पेटीवर समुद्राचं आणि किल्ल्याचं चित्र आलं. त्या गिऱ्हाइकांपुढे मला आजही लाज वाटते.

कोहली आणि जॉवर्स्की या अभ्यासकांनी १९९० साली हेच मांडलं होतं: वरचा माणूस बाजाराकडे लक्ष द्या असं सतत सांगत असेल आणि धोका पत्करायला तयार असेल, तरच गिऱ्हाइकाची बातमी कंपनीत फिरते. वरचा घाबरट असेल तर ती काउंटरपाशीच मरते.

न्यूझीलंडची नक्कल करा असं मी म्हणत नाही. किवी शीतगृहात महिनोन्‌महिने टिकतो, हापूस हातात आला की दिवस मोजायचे. इथे झेस्प्री ही कंपनी बागायतदारांची आहे आणि ऑस्ट्रेलिया सोडून बाहेर जाणारा बहुतेक माल तिच्यामार्फतच जातो. आपल्याकडे वाडीवाडीत वेगळा दलाल. पण २०१० साली टे पुकेत पीएसए हा किवीच्या वेलींचा जिवाणूजन्य रोग आला, सोनेरी किवीच्या वेली कापाव्या लागल्या, तेव्हा नव्या जातीची कलमं बांधायला हेच लोक एकत्र उभे राहिले. आपल्याकडेही २०१४ साली फळमाशीमुळे युरोपने आंबा बंद केला, तेव्हा गरम पाण्याची प्रक्रिया आली आणि पुढच्या वर्षी दार उघडलं. शिस्त आपल्याला जमते. ती बाहेरून लादली जाईपर्यंत आपण थांबतो, हे मला खुपतं.

दादाला मी त्या फोनवर एवढंच म्हटलं, की झेला घेणाऱ्या बाबल्याला विचार. पाडवा उलटल्यावर त्याचा फोन आला. पाडव्याला वीसऐवजी सहाच पेट्या गेल्या होत्या, बाबल्याने निवडलेल्या. उरलेला आंबा झाडावर होता. घाटा झाला का, मी विचारलं. "झालो थोडो," तो म्हणाला. मग म्हणाला, सहापैकी दोन गिऱ्हाइकांनी थेट फोन केला, ते काय म्हणाले ते वहिनीने वहीत लिहून ठेवलंय, वाचून दाखवू का?