ड्रायव्हर आहात? आता क्लीनर व्हा!

तुम्ही ड्रायव्हर असाल तर सर्वप्रथम अभिनंदन. क्लच दाबून दुखणारा गुडघा, घाटातली रात्र, मागून हॉर्नवर हॉर्न देणारे शहाणे, या सगळ्यातून तुमची सुटका होणार आहे, कारण गाड्या आता ड्रायव्हरशिवाय स्वतःच चालणार आहेत. डोक्यावरचा भार उतरेल. पगारही उतरेल, पण दोन्ही एकदम उतरले तर तक्रार कसली?

घाबरून जाऊ नका, घाई कुणालाच नाही. टेस्ला या मोटार कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी 2019 च्या एप्रिलमध्ये सांगितलं होतं की, पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त रोबोटॅक्सी, म्हणजे बिनचालक टॅक्सी, रस्त्यावर असतील. हे ‘पुढच्या वर्षी’ आपल्या ओळखीचं आहे. फ्लॅटचा ताबा देताना बिल्डर वापरतो तेच. अखेर जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात टेस्लाची रोबोटॅक्सी निघाली. ड्रायव्हरची सीट रिकामी होती, स्टिअरिंग आपोआप वळत होतं आणि शेजारच्या सीटवर कंपनीचा एक माणूस बसला होता, लक्ष ठेवायला.

बघितलं नीट? ड्रायव्हर गेला, क्लीनर राहिला.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. तुम्ही पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्या कामापासून सुरुवात केली होती, त्याचीच उजळणी करा. काच पुसायची, टायरवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, ट्रक मागे घेताना पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!’ असं ओरडायचं. ‘बास’ अर्धा सेकंद उशिरा आलं की उस्ताद कानाखाली वाजवायचा. नव्या उस्तादाला हात नाहीत. काळ सुधारला तो असा.

आणि काम भरपूर आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका पार्किंगमध्ये 2024 साली वेमो या दुसऱ्या कंपनीच्या बिनचालक गाड्या पहाटे चार वाजता एकमेकींना हॉर्न मारत बसल्या होत्या. दुसरी गाडी फार जवळ आली की हॉर्न द्यायचा, एवढंच त्यांना शिकवलेलं. समोरची आपलीच बहीण आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूच्या इमारतींतली माणसं जागी झाली. तिथे ‘येऊ द्या’ म्हणणारा एक पोरगा असता तर सगळे झोपले असते.

दाराचंही तेच. उतरताना प्रवाशाने दार नीट लावलं नाही, तर ही लाखमोलाची गाडी जागची हलत नाही. ते लावायला वेमो पैसे देऊन माणूस बोलावते. ‘ए, दार लाव रे!’ हे वाक्य तुम्ही आयुष्यभर फुकट ऐकलंत. आता त्याची मजुरी मिळते. पत्ता विचारायचं कामही शिल्लक आहे. रस्त्यात काही भलतंच दिसून गाडी अडली की ती दूरच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला विचारते, ‘आता काय करू?’ वेमोची अशी काही माणसं फिलिपाईन्समध्ये बसतात. खाली उतरून टपरीवर विचारायला पाठवायचे, तोच हा क्लीनर. फक्त टपरी समुद्रापार गेली.

पण सगळ्यात पक्की नोकरी वेगळीच आहे. तिच्यासाठी जरा ताठ बसा.

18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेतल्या टेंपी गावात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. ती वाचली नाही. गाडीच्या यंत्रणेला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण हे वाहन आहे, की आणखी काही, की सायकल, यावर यंत्रणेचं मत बदलत राहिलं. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे यंत्रणेच्या हिशेबातच नव्हतं. (ही गाडी दादर स्टेशनबाहेर आणून बघावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.) आत देखरेखीला बसवलेल्या बाईचं लक्ष मोबाईलवर होतं. कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असं सरकारी वकिलांनी 2019 मध्ये सांगून टाकलं. मोबाईलवालीवर मात्र खटला चालला. 2023 मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख, मिळालं.

तिची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. पण जाहिरात कशी लिहायची ते यावरून कळतं: ‘पाहिजे: एक माणूस. काम: काही न करणे. काही झाल्यास: तोच.’ असा माणूस यंत्राला बनवता येत नाही. तेव्हा तुमची जागा शंभर टक्के सुरक्षित आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे येतंय हे? गडकरींनी डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात सांगितलंय की बिनचालक गाडी देशात येऊ देणार नाही, 70-80 लाख ड्रायव्हरांचं काम जाईल. निश्चिंत राहा. पण तुमच्या घरातलं शिकलेलं पोर लॅपटॉपवर दिवसभर काय करतं, ते एकदा मागे उभं राहून बघा. फोटोतल्या प्रत्येक रिक्षाभोवती, गायीभोवती, छत्री घेतलेल्या माणसाभोवती चौकोन काढत असेल, तर ते यंत्राला रस्ता शिकवतंय. बापाने त्याला शिकवला नाही, ‘या धंद्यात पडू नको’ म्हणाला, म्हणून ते तिकडे शिकवतंय. त्याला रागावू नका. चौकोन चुकला की पैसे कापतात म्हणे, लक्ष लागू द्या.

आणि उद्या खरंच ऑस्टिनची नोकरी लागली, तर सीट कुठली याची काळजी नको. वीस वर्षांच्या सवयीने तुम्ही उजवीकडचं दार उघडून बसाल. बरोबर तीच जागा तुमची. फक्त समोर स्टिअरिंग नसेल.