'पुट ऑफ' म्हणजे बंद नव्हे

नौपाड्यातील आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फलकावर मागच्या महिन्यात इंग्रजीत सूचना लागली होती: टाकी धुण्याचे काम 'पुट ऑफ' केले आहे. नवी तारीख खाली बारीक अक्षरात होती. शेजारच्या काकूंना पंख्याचे आणि दिव्याचे 'ऑफ' ठाऊक असल्यामुळे काम रद्द झाले असे त्या समजल्या आणि पुढच्या रविवारी त्यांच्या घरात पिण्यापुरतेही पाणी भरलेले नव्हते. माझ्या पिंपातून कळशी भरून घेताना त्यांनी विचारले, "ऑफ म्हणजे बंदच ना गं?" मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे तो प्रश्न मला फार लागला.

काकूंचा तर्क चुकीचा नव्हता, कारण ब्रिटिश इंग्रजीत दिवा बंद करण्यालाही 'पुट ऑफ' म्हणतात. काम 'पुट ऑफ' केले म्हणजे मात्र ते पुढे ढकलले. रद्द करण्यासाठी 'कॉल ऑफ' आहे. इथल्या 'ऑफ'मध्ये 'दूर' हा जुना अर्थ आहे, म्हणजे आज करायचे काम आजपासून दूर ठेवले. 'पोस्टपोन' हा भारदस्त शब्दही लॅटिनमधल्या 'नंतर' आणि 'ठेवणे' या दोन शब्दांचाच झालेला आहे, आणि आपले 'लांबणीवर टाकणे' त्यांच्या अगदी जवळचे आहे. एखाद्या वासाने जेवणावरची वासना उडते, तिथेही इंग्रज 'पुट ऑफ'च म्हणतो. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येते: 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' चालत नाही.

आपण मुलांना 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे बंद असे सुटे अर्थ पाठ करायला लावतो, हे मला मनापासून चुकीचे वाटते. मराठी मुलाला दोन शब्दांचा मिळून तिसरा अर्थ होतो हे शिकवावेच लागत नाही; 'पाकीट हरवून बसलो' या वाक्यात कोणीही बसलेले नाही आणि 'सांगून टाक' म्हणताना काहीही टाकायचे नसते, हे त्याला बोलू लागल्यापासून कळते. इंग्रजीत सोबतीला क्रियापदाऐवजी 'ऑफ', 'अप', 'आउट' असे छोटे शब्द येतात, एवढाच फरक त्याला दाखवायचा असतो. म्हणून आठवीच्या वर्गात हा धडा मी आता 'हरवून बसणे'पासून सुरू करते, आणि फळ्यावर पहिले इंग्रजी वाक्य टाकीच्या सूचनेचे लिहिते.