‘बोर्डवर ६०, मिळाले २०’: निपाणी हायवे चार्जिंगबाबतच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. बोर्डवर ६० किलोवॉट लिहिलेलं असताना २० च मिळाले, ४५ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर जायला दीड तास लागला, मधेच चार्जर बंद पडला आणि सेशन फी दोनदा लागली, असं आपण लिहिलंय. हे सगळं खरं आहे. फसवणूक मात्र झालेली नाही, म्हणून हिशेब देतो.

आमचा ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीएचा, म्हणजे १३३ अँपिअरचा. चार्जर पूर्ण ६० वर चालला की ४१५ व्होल्टला साधारण ८९ अँपिअर ओढतो. हॉटेलचे फ्रीजर, पंप, एक्झॉस्ट मिळून आणखी ३०. इथवर ठीक. पण आमचं कनेक्शन ११ केव्ही फीडरच्या (सबस्टेशनवरून गावांना वीज आणणाऱ्या लाइनच्या) टोकाला आहे. संध्याकाळी गावाचा लोड आणि उसाच्या पंपांची थ्री फेज एकदम आली की व्होल्टेज ३६० पर्यंत उतरतं. अशा वेळी बल्ब मंद होतो, चार्जर मात्र तेवढेच किलोवॉट मिळवायला जास्त करंट ओढतो: ८९ चे १०३ अँपिअर. हॉटेलचे ३० धरून ट्रान्सफॉर्मरची १३३ ची मर्यादा तिथेच गाठली जाते आणि व्होल्टेज आणखी पडतं. ३५० च्या खाली गेलं की चार्जर स्वतःच बंद होतो. म्हणून संध्याकाळी ६ ते १० आम्ही एकूण ४० किलोवॉटची मर्यादा ठेवली आहे. चार्जरच्या दोन्ही गन (गाडीला लावायचे प्लग) लागल्या की २०-२०. आपल्याला लागणाऱ्या २७ युनिटना त्या वेगाने ८१ मिनिटं लागतात. त्या दिवशी ४० वरही व्होल्टेज टिकलं नाही आणि चार्जर बंद पडला, त्यात ६ मिनिटं गेली.

आता आमच्या चुका. ही मर्यादा बोर्डवर लिहिलेली नव्हती; आता लिहिली आहे. बंद पडून परत सुरू झालेलं चार्जिंग नवं सेशन धरलं गेलं. ती जादा फी आपल्या वॉलेटमध्ये परत केली आहे. तिसरी चूक आपल्या लक्षात आली नसेल. शेजारची गाडी ८० टक्क्यांपुढे गेल्यावर जेमतेम १२ किलोवॉट घेत होती आणि तिच्या वाट्याचे ८ पडून होते. वाटणी कायम अर्धी-अर्धी ठेवणं चुकीचंच होतं. आता दर ३० सेकंदांनी प्रत्यक्ष मागणी बघून उरलेली पॉवर दुसऱ्या गनला जाते.

नुसता २५० चा ट्रान्सफॉर्मर बसवून हे सुटणार नाही, कारण अडचण फीडरच्या लांबीत आहे. जादा लोडचा अर्ज दिलाय, फीडरची तपासणी व्हायची आहे. तोवर घाई असेल तर रात्री १० नंतर किंवा सकाळी या. गाडी एकटी असेल आणि तिची बॅटरी तेवढं घेत असेल, तर पूर्ण ६० मिळतील.