कुर्डूची भाजी: एका प्रतिक्रियेला उत्तर

कुर्डू या रानभाजीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "भाजी खायला वनस्पतीशास्त्र कशाला लागतं? आमच्या आज्या काय कॉलेजात गेल्या होत्या? कुठून तरी उतरवून काढायचं आणि वर उकळून पाणी टाका सांगून भाजीचं सत्त्व घालवायचं."

मतभेद असू द्या, पण 'उतरवून काढायचं' हा आरोप आहे आणि तो लेख शेवटपर्यंत न वाचता केलेला दिसतो. रानभाज्या ओळखण्यात आणि ओळखायला शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. लेखातल्या फोटोखाली तो कुठल्या महिन्यातला ते लिहायला हवं होतं, एवढं मात्र मान्य.

आता आज्यांचं. कॉलेजात गेल्या नसतील, पण त्या झाड नीट बघायच्या. शेंडाच का खुडायच्या? पावसाबरोबर उगवलेल्या रोपाचा शेंडा आधी फक्त पानं काढतो. दिवस लहान होऊ लागले की त्याच शेंड्याचा तुरा होतो, नवी पानं बारीक येतात, खोड चिवट होतं. म्हणून रोप वीतभर झालं की वरचा चार बोटं शेंडा पान खोडाला जुळतं त्या सांध्याच्या जरा वर खुडायचा. खालच्या पानांच्या बगलेतून फुटवे येतात आणि पुन्हा तोडणी मिळते. मुळासकट उपटलंत तर भाजी एकदाच. हेच वनस्पतीशास्त्र, आज्यांच्या हातातलं.

तुरा नसताना आघाड्याशी घोळ होतो, तेव्हाही हेच कामाला येतं. आघाड्याची पानं समोरासमोर, कुर्डूची एकाआड एक.

बियांचंही तसंच. कुर्डू वर्षायू आहे, एकदा बी धरलं की रोप मरतं. पुढच्या पावसातली भाजी गळलेल्या बियांतूनच येते. तुऱ्यात फुलं खालून वर उमलतात. टोक गुलाबी असतानाच तळाची फुलं रुपेरी पांढरी पडतात, कारण त्यांची पाच परिदलं, म्हणजे पाकळ्यांसारखे भाग, कागदासारखी कोरडी असतात आणि गळत नाहीत. असा तुरा पांढऱ्या ताटलीवर चोळून बघा. इवल्या फळाचं टोपण आडवं सुटतं आणि काळं चकचकीत, भिंगासारखं बी घरंगळतं. अख्खा तुरा वाळायची वाट पाहिलीत तर खालचं बी केव्हाच मातीत गेलेलं असतं. अर्धा पांढरा झाला की कापा आणि कापडी पिशवीत उलटा टांगा.

राहिलं पाणी टाकण्याचं. कुर्डू राजगिऱ्याच्या कुळातली, पानांत ऑक्झलेट (मूतखड्यात सापडणारा क्षार) असतं आणि उकळताना त्यातलं बरंच पाण्यात उतरतं. कोवळे शेंडे कांदा-लसणावर थेट परता. जून पानं उकळून, पिळून घ्या. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी डॉक्टरांना विचारूनच खावी. लेखात हे सगळं आहे. त्यावर आणखी लिहीत नाही.