देशी शीतपेयप्रेमींसाठी काही मौलिक सूचना

आपण सगळे कट्टर स्वदेशी. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा त्यांच्या कोलावर बहिष्काराचा मेसेज तुम्हीही चार ग्रुपांवर ढकललात. छान केलंत. पण देशी पेय खरोखरच समोर येऊन उभं राहिलं तर काय करायचं? आमच्या सोसायटीवर हा बिकट प्रसंग या महाराष्ट्र दिनाला ओढवला. गोटी सोडा आणि कोकम आणायचं काम माझ्या गळ्यात होतं. तिथे जे पाहिलं, त्यावरून हे मार्गदर्शन.

आधी घासाघीस करा. मल्टिप्लेक्समध्ये कागदी ग्लासभर बर्फाला शेकडो रुपये मोजताना ब्र काढायचा नाही, पण सोडावाल्याने वीस म्हटलं की “पंधराला दे, एवढे नग घेतोय” हे आलंच.

मग पाण्याची चौकशी. “पाणी कुठलं वापरतात हो?” हे हातात पाणीपुरीचा द्रोण धरून विचारलं तर जास्त शोभतं. 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बड्या कंपन्यांच्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवले आणि पुढच्या वर्षी संसदेच्या संयुक्त समितीनेही ते मान्य केलं, ते सोडून द्या. ते ब्रँडेड होतं.

देशभक्ती अगदीच उफाळली तर थम्स अप मागवा आणि “आपलं आहे ते!” म्हणून ठणकावून सांगा. रमेश चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळं 1993 मध्येच कोका-कोलाला विकलं आणि गोल्ड स्पॉट तर नव्या मालकाने गुंडाळूनच टाकलं, असं कुणी म्हणालं तर त्याला ‘निगेटिव्ह’ ठरवून मोकळे व्हा.

कोकणातून येताना कोकम सरबताच्या दोन बाटल्या जरूर घ्या. फ्रिजच्या दारात, सॉसच्या मागे, पुढच्या कोकण ट्रिपपर्यंत त्या छान टिकतात.

देशी बाटली थंड नसेल तर नाक मुरडा. दुकानातला तो झगझगीत फ्रिज बहुतेक वेळा कंपनीनेच दिलेला असतो, त्यात दुसऱ्याचा माल ठेवलेला कंपनीच्या माणसाला चालत नाही, म्हणून देशी सोडा बाहेर क्रेटमध्ये तापत बसतो. तुम्ही फक्त म्हणायचं, “आपल्या लोकांना मार्केटिंगच जमत नाही.”

आता बाटल्या. गोटी सोड्याच्या बाटलीच्या मानेला एका अंगाला दोन खाचा असतात. गोटी दाबून आत पाडायची, खाचांची बाजू खाली धरायची, गोटी तिथे अडते आणि सोडा तोंडात येतो. पोरंसोरं करतात हे. मी माईकवरून सांगितलंसुद्धा. तरी एक इंजिनिअर सद्गृहस्थ बाटली उलट्या अंगाने धरून “डिफेक्टिव्ह पीस आहे” म्हणत माझ्याकडे आले. एका मातोश्रींनी चिरंजीवांना गोटी हवी म्हणून बाटली पार्किंगच्या कठड्यावर फोडू दिली. वर “किती क्यूट!” रिकाम्या क्रेट परत द्यायला गेलो तर बाटल्या कमी. डिपॉझिट माझं, ते गेलं. आणि परवा बी विंगच्या एका बाल्कनीत त्यातलीच एक दिसली, आत मनी प्लांट! विचारलं तर म्हणे, व्हिंटेज लुक येतो. अहो, व्हिंटेज कसला डोंबलाचा, चोरी आहे ती! सोडावाल्याचं भांडवल त्या काचेत अडकलेलं असतं. धुवायची, भरायची, परत आली की पुन्हा भरायची, यावर त्याचा धंदा. ऐन मे महिन्यात बाटली तुमच्या बाल्कनीत बसली तर त्याने सोडा ओंजळीत भरून विकायचा?

साखर-स्वाद घातलेल्या फेसाळ पेयावर 40 टक्के जीएसटी आहे. कोलालाही तेवढाच, गल्लीतल्या जिरा सोड्यालाही तेवढाच. छोट्या उत्पादकांसाठी कमी दराने, कमी कटकटीत कर भरायची ‘कंपोझिशन’ नावाची सोपी योजना आहे, ती सोडा बनवणाऱ्याला लागू नाही. एवढं सोसून तो टिकलाय, तुमच्या भरवशावर नव्हे.

कारण त्या दिवशी कोकमाचे ग्लास भरलेले तसेच होते आणि कुणीतरी अॅपवरून दोन-दोन लिटरचा कोला मागवला. रांग तिकडे लागली. मागवणारे कोण? बहिष्काराचा मेसेज टाकणारेच!

तमिळनाडूत 2017 मध्ये जल्लीकट्टू या बैलांच्या खेळासाठी झालेल्या आंदोलनानंतर व्यापारी संघटनांनी कोक-पेप्सी विकायचं नाही असं ठरवलं, आणि 1916 पासूनच्या काली मार्क या तिथल्या कंपनीचं बोवोंटो हे शीतपेय लोक नाव घेऊन मागायला लागले. तुम्ही कधी मागितलंय? दुकानात उभं राहून “कोकम आहे का, नसेल तर ठेवा” एवढं तरी? कोला आवडतो ना, मग प्या की सरळ, कुणी हात धरलाय? पण मग आम्हाला स्वदेशी शिकवू नका. आणि बी विंगवाल्यांनी मनी प्लांट दुसऱ्या कशात तरी लावावा, बाटली आजच्या आज वॉचमनकडे आणून द्यावी.