‘मुलींचे गुडघेच नाजूक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फुटबॉलमधल्या एसीएलच्या (गुडघ्याच्या आतलं, त्याला स्थिर ठेवणारं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा) दुखापतींवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबलं आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मुलींच्या गुडघ्यांचा मी उगाच गहजब केला, कारण एसीएलचं ऑपरेशन झालेले पुरुषच जास्त दिसतात, फरक असलाच तर तो कंबरेच्या हाडांचा आणि हार्मोन्सचा, त्यात कोच काय करणार, आणि ऑपरेशननंतर ‘नऊ महिने थांबा’ हा सल्ला भित्रा आहे, कारण स्वीडनचा स्टार फुटबॉलर झ्लाटान इब्राहिमोविच सात महिन्यांत मैदानात उतरला होता.

पहिला मुद्दा निव्वळ हिशेबाचा आहे. मुळात खेळणारे पुरुष जास्त, त्यांचे सामने जास्त, तेव्हा एकूण आकडा त्यांचाच मोठा असणार. मोजायचं ते खेळलेल्या तासांमागे. तसं मोजलं की मुलींमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलग्यांच्या दोन ते तीन पट निघतं. २०२३ च्या महिला वर्ल्डकपचे संघ आठवा. इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन नाही, बेथ मीड नाही, नेदरलँड्सची व्हिव्हियान मिडेमा नाही. तिघीही त्या वेळी आर्सेनल क्लबच्या आणि तिघींचं कारण एकच. याला गहजब म्हणायचं तर खुशाल म्हणा.

हाडांचं म्हणणं मी कधीच नाकारलेलं नाही. मांडीच्या हाडाच्या ज्या खाचेत हे लिगामेंट असतं ती खाच मुलींमध्ये सरासरीने अरुंद, लिगामेंटही बारीक. मासिक पाळीतल्या हार्मोन्सच्या चढउताराचा संबंध तपासणं चालू आहे, फिफानेच त्यासाठी पैसे दिलेत. पण लिगामेंट तुटतं कसं, ते एकदा नीट बघा. बचावपटू समोरचीला अडवायला वेगाने येते. समोरची बॉल एकीकडे नेल्यासारखं करते आणि दुसरीकडे वळते. हिला तिच्यामागे वळायचं असतं. पाय बाजूला पडतो, बूट जमिनीत रुततो, गुडघा जवळजवळ सरळ, धड भलतीकडे कललेलं. गुडघा आत कोसळतो आणि पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत खेळ आटोपलेला असतो. गुडघ्याला कोणी हातही लावलेला नसतो. बहुतेक एसीएल असेच जातात, मुलींचे आणि मुलग्यांचेही.

आता यात कंबरेचं हाड किती आणि सवय किती? उतरताना गुडघा वाकवणं, तो पावलाच्या रेषेत ठेवणं, धड सावरणं, मांडीच्या मागच्या स्नायूने वेळेवर ओढ घेणं, हे सगळं शिकवता येतं. स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या साडेचार हजारांहून अधिक मुलींवर हे करून पाहिलं गेलं. निम्म्या संघांना आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचा वॉर्मअप दिला: एका पायावर बैठका, प्लँक, लंज, उडी मारून नीट उतरणं. २०१२ मध्ये निकाल छापून आला, त्या संघांत एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी. त्या एका मोसमात कोणाच्या कंबरेचं हाड बदललं नव्हतं. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ वॉर्मअपही याच जातीचा आहे, फुकट आहे, वीस मिनिटांत होतो. घोडं अडतं ते रोजच्या करण्यावर. सरावाला वेळ कमी पडला की कोच सगळ्यात आधी वॉर्मअपलाच कात्री लावतात, हा माझा जुना राग आहे.

जाता जाता एक गंमत. कोणाच्याही धक्क्याविना झालेल्या दुखापतींच्या एका अमेरिकी पाहणीत पुरुषांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांचा किक मारणारा पाय गेला होता. मुलींमध्ये मात्र तो तिघींपैकी एकीचाच, बाकीच्यांचा उभा पाय, म्हणजे किक मारताना जमिनीवर टेकलेला. गुडघा फक्त ‘नाजूक’ असता तर त्याने पाय निवडला नसता.

आता नऊ महिने. मांडीच्या मागून किंवा गुडघ्याच्या वाटीखालून घेतलेला ग्राफ्ट (फाटलेल्या लिगामेंटच्या जागी लावायचा तुकडा) बसवला की त्याचा रक्तपुरवठा आधी तुटलेला असतो. पहिले काही महिने तो कमकुवतच होत जातो, मग हळूहळू त्याचं लिगामेंट बनतं. इकडे पाचव्या महिन्यात सूज नाही, दुखत नाही, पोरगी छान पळतेय. खरा धोका इथेच आहे. २०१६ च्या एका अभ्यासात खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर साधारण निम्म्याने घटला. झ्लाटान हा अपवाद आहे. डच बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकला अधिकृत सामन्यात उतरायला जवळपास दहा महिने लागले, स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासलाही तेवढेच. युरोपातल्या अव्वल पुरुष क्लबांमध्ये बहुतेक सगळे वर्षभरात परत खेळतात, पण तीन वर्षांनी त्या पातळीवर ६५ टक्केच उरतात. मुली जुन्या पातळीवर परतण्याचं प्रमाण पुरुषांहून कमी आहे. माझ्या मते त्यात गुडघ्याइतकाच वाटा रोज हाताशी फिजिओ नसण्याचा आणि पगारी रजा नसण्याचा आहे.

शेवटी तुमच्या पुतणीबद्दल. वय १७, ऑपरेशनला सहा महिने, आणि कोचना ती पुढच्या स्पर्धेत हवी आहे. माझं उत्तर ‘नको’ आहे. पंचविशीच्या आतले जे खेळात परततात, त्यांच्यापैकी जवळपास चौघांत एकाचा एसीएल पुन्हा फाटतो, त्याच पायाचा नाहीतर दुसऱ्या. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद यंत्रावर मोजून घ्या, एका पायावरच्या लांब उड्या मोजून घ्या. दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के यायला हवं. पण एवढ्या महिन्यांत तो दुसरा पायही कमकुवत झालेला असतो, म्हणून केवळ टक्केवारीवर भुलू नका. उडीवरून उतरतानाचा व्हिडिओ समोरून काढा, गुडघा आत जातोय का ते बघा. वळताना भीती वाटते का, हे तिला कोच जवळ नसताना विचारा. हे सगळं जमलं की आधी पूर्ण सराव, मग सामन्यात शेवटची वीस मिनिटं. आणि फिजिओकडून दोन्ही पायांचे आकडे लिहून घ्या. ‘छान आहे प्रगती’ एवढं ऐकून परत येऊ नका.