गिनीपिगचे दात, भूल आणि ‘लंघनं परमौषधम्’

‘गिनीपिग पाळणाऱ्यांनो, सावधान’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. गिनीपिगच्या दातांची शस्त्रक्रिया ही डॉक्टरांनी पैसे उकळण्यासाठी काढलेली टूम आहे. भूल दिली की निम्मे गिनीपिग मरतातच. जंगलात यांचे दात कोण कापते. लाकडाचा तुकडा कुरतडायला दिला की दात आपोआप झिजतात. तरीही वाढलेच तर नेलकटरने घरीच कापावेत. आणि कोणी शस्त्रक्रिया करून बसलाच असेल तर प्राण्याला घरातले अमॉक्सिसिलिनचे सिरप पाजून पुढचे दोन दिवस पोटाला विश्रांती द्यावी, कारण ‘लंघनं परमौषधम्’, असा त्याचा एकूण ऐवज आहे. असे संदेश मी एरवी उघडतही नाही. हा मात्र आमच्या कुटुंबाच्या गटात, माझ्या बहिणीकडचा बुंदी नावाचा गिनीपिग दातांच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी गेला, त्याच संध्याकाळी आला. पाठवणाऱ्या काकांनी खाली स्वतःची एक ओळही जोडली होती : ‘ऑपरेशन केले नसते तर वाचला असता.’ ती ओळ सर्वांत आधी वाचली माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने. म्हणून हा प्रपंच.

जंगलाचा मुद्दा आधी निकालात काढते. आपण पाळतो तो गिनीपिग कोणत्याही जंगलात राहत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत माणसाने हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला, आणि पेरूमध्ये आजही तो प्रामुख्याने खाण्यासाठीच पाळला जातो. त्याचे रानटी भाऊबंद दिवसभर राठ गवत चघळतात, त्यामुळे त्यांचे दात झिजतात. ज्याचे झिजत नाहीत तो उपाशी मरतो किंवा कोणाच्या तरी तोंडी जातो, आणि त्याची बातमी आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

लाकडाच्या तुकड्याचा सल्ला अर्धवट ज्ञानातून आलेला आहे. गिनीपिगला एकूण २० दात असतात. त्यांपैकी समोर दिसणारे फक्त ४. उरलेले १६ दाढांच्या रांगेत, गालांच्या आड असतात. हे सगळेच दात आयुष्यभर वाढत राहतात. लाकूड कुरतडून झीज झालीच तर ती समोरच्या चारांची होते. दाढा झिजतात त्या गवताचे तंतू तासन्‌तास दळल्याने, आणि वाटीभर दाणेदार खाद्य व काकडीच्या चकत्यांवर वाढलेल्या प्राण्याला हे दळण मिळतच नाही. मग खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकून वाढतात आणि काही वेळा दोन्हीकडून येऊन जिभेवर कमान धरतात. जीभ त्या कमानीखाली अडकली की प्राण्याला घास मागे ढकलता येत नाही. बुंदीचे हेच झाले होते. तो वाटीपाशी धावत यायचा, कोथिंबिरीची काडी तोंडात घ्यायचा, दोनदा जबडा हलवायचा आणि काडी ओली होऊन खाली पडायची. ‘खातोय की’ असे आम्ही सगळेच म्हणत राहिलो, कारण वाटीपाशी येणे आणि खाणे यांतला फरक आमच्यापैकी कोणी पाहिलाच नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला ठेवले तेव्हा ८९० ग्रॅमचा प्राणी ६७० ग्रॅमवर आला होता.

नेलकटरबद्दल काय लिहावे! ज्याने हे सुचवले त्याने गिनीपिगच्या तोंडात कधी पाहिलेले नाही, एवढे खात्रीने सांगते. ते तोंड इतके अरुंद असते आणि गालांचे मांस आत इतके आलेले असते, की दाढा पाहायलाही डॉक्टरांना कान तपासण्यासारखे दिव्याचे उपकरण लागते, आणि त्या नीट घासून आखूड करायच्या तर भूल द्यावी लागते. राहिले समोरचे दात. ते चिमट्यात धरून तोडले की उभे तडकतात, तड मुळापर्यंत जाते आणि तिथे गळू धरते. शिवाय समोरचे दात लांबलेले दिसतात तेव्हा मूळ दुखणे बहुधा मागच्या दाढांतच असते.

भुलेच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. ‘निम्मे मरतात’ ही थाप आहे. पण धोका लहान नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात शंभराहून अधिक पशुवैद्यकीय दवाखान्यांतून भुलेच्या नोंदी गोळा करून एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भूल किंवा गुंगी दिल्यापासून ४८ तासांत त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यात कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के, सशांमध्ये १.३९ टक्के आणि गिनीपिगमध्ये ३.८० टक्के निघाले. म्हणजे साधारण सहाशे कुत्र्यांमागे एक, आणि सव्वीस गिनीपिगमागे एक. हा फरक भयंकर आहे, आणि प्राणी दवाखान्यात सोपवण्यापूर्वी तो मालकाला स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे. कारणेही समजण्यासारखी आहेत : देह एवढासा, तो पटकन गार पडतो, घशाची रचना अशी की श्वासनलिकेत नळी घालणे अवघड, आणि पुष्कळदा प्राणी भुलेपर्यंत पोहोचतो तोच अर्धमेला होऊन. पण सव्वीसातला एक म्हणजे निम्मे नव्हेत. आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते संदेश सांगत नाही. जीभ अडकलेल्या गिनीपिगच्या दाढा घासल्या नाहीत तर तो भुकेने मरतो, आणि तिथे सव्वीसातला एक असा हिशेब नसतो.

आता लंघनाकडे वळते. सबंध संदेशात सर्वांत प्राणघातक सल्ला हाच आहे, आणि तो आपल्या घरोघरी चालणाऱ्या म्हणीच्या वेषात येत असल्याने पटकन पटतो. माणसाला ताप आला, पोट बिघडले की एक दिवस उपास घडला तरी बिघडत नाही. गिनीपिगचे आतडे वेगळ्या तत्त्वावर चालते. त्याने खाल्लेले गवत आतड्यातल्या मोठ्या पिशवीत जंतूंच्या साहाय्याने आंबते, आणि ही भट्टी चालू राहण्यासाठी वरून तंतुमय अन्न सतत यावे लागते. ते थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, वायू कोंडतो, पोट दुखते, दुखते म्हणून प्राणी आणखी खात नाही, आणि जंतूंचा समतोल ढळतो. दुसरीकडे शरीर स्वतःची चरबी मोडून यकृताकडे पाठवू लागते आणि ते यकृत चरबीने भरून निकामी होत जाते. यासाठी दोन दिवस लागत नाहीत. अर्ध्या दिवसाचा खंडही धोक्याचा असतो. माणसाला भुलेआधी उपाशी ठेवतात ते उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून, आणि गिनीपिगला तर उलटी होतच नाही. म्हणून त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे नसते. तोंडात घास राहू नये एवढ्यापुरतेच थोडा वेळ खाणे थांबवतात.

शस्त्रक्रियेनंतर करायचे ते लंघनाच्या नेमके उलट. दाणेदार खाद्य कोमट पाण्यात भिजवून गंधासारखे वाटायचे, प्राण्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचे आणि समोरच्या दातांच्या मागून, तोंडाच्या कडेने, सिरिंजने अर्धा-अर्धा मिलिलिटर भरवायचे. प्रत्येक वेळी तो चावून गिळेपर्यंत थांबायचे. हे दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. वेदनाशामक औषध वेळच्या वेळी द्यायचे, वजन रोज करायचे आणि लेंड्या मोजायच्या. आम्ही हे केले. पण दुसऱ्या रात्री दोनची पाळी चुकवली. ‘दमलाय बिचारा, जरा पडू दे’ असे घरात कोणीतरी म्हणाले आणि ते आम्हाला सगळ्यांनाच सोयीचे वाटले. पहाटे सहाला पाहिले तेव्हा लेंड्या जिऱ्याएवढ्या झाल्या होत्या. दुपारपर्यंत त्या बंद पडल्या आणि पोट टिचकी मारली की डमरूसारखे वाजू लागले. ती एक पाळी चुकली म्हणूनच तो गेला असे मी म्हणत नाही; चौथा हिस्सा वजन गमावून तो टेबलावर गेला होता, हे त्याहून मोठे कारण. पण त्या रात्री आम्हाला पटलेला विचार आणि संदेशातले लंघन यांत काही फरक नव्हता.

अमॉक्सिसिलिनबद्दल एकच वाक्य पुरे : पेनिसिलिनच्या कुळातली औषधे तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून विषारी जंतू माजतात आणि तेवढ्यानेच प्राणी दगावू शकतो. संदेशाच्या शेवटी ‘रोज ढोबळी मिरची किंवा पेरूची फोड द्या’ असे लिहिले आहे, ते बरोबर आहे. गिनीपिगला आपल्यासारखेच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, आणि ते कमी पडले की दातांची पकडही सैल होते. सहा-सात दाव्यांत एवढा एक सरळ निघाला.

पैसे उकळण्याचा आरोप मी सरसकट खोडणार नाही, कारण कुत्र्या-मांजरांवर हात बसलेले पण गिनीपिग क्वचितच हाताळलेले डॉक्टरही शस्त्रक्रियेला होकार देतात. त्यावर उपाय आहे. अशा किती दाढा आपण घासल्या आहेत, भूल कोणती देणार, आणि घरी नेल्यावर किती वेळाने किती भरवायचे, हे तीन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत आणि तिसऱ्याचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

काकांना मी फोन करून हे सगळे सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांनी आमच्या गटातून तो संदेश काढूनही टाकला. मात्र सोसायटीच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गटांत तो अजून आहे. तिथूनही तो काढावा, आणि काढता येत नसेल तर त्याखाली निदान एवढे लिहावे, की गिनीपिगने बारा तास काही खाल्ले नसेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.